पुढे चला

मी जन्मापासून घाईची. चहाला नीट उकळी यायच्या आत गाळायचा, भाकरी फुगायच्या आत तव्यावरून काढायची, आणि समोरचा माणूस बोलत असला की त्याचं निम्मं ऐकून उरलेलं आपणच बोलून मोकळं व्हायचं, हा माझा स्वभाव. आता साठी उलटून गेली, नाहूरला सातव्या मजल्यावर राहते, तरी लिफ्टचं बटण चार-चारदा दाबते. सून हसते. “आई, ती काय तुमच्या धाकाने पळत येणार आहे का?” म्हणते. मी तिला सांगते, अगं बाई, ही त्यातल्या त्यात सुधारलेली मी आहे. आधीची बघितली असतीस तर या घरात यायला तयार झाली नसतीस. ती सुधारणा एका पावसाळ्यात झाली, आणि तीही माझ्या अंगच्या गुणांनी नाही, नाइलाजाने. ते एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो. खालच्या रस्त्यावरून पायऱ्या चढत आलं की उजव्या हाताला आमचा बुद्धविहार, आणि विहाराच्या भिंतीला लागून आमची खोली. खोली कसली, पत्र्याखालचा एक चौकोन, पण आईने तो इतका लख्ख ठेवलेला असायचा की शेजारची तारामावशी उंबऱ्यावर पाय पुसल्याशिवाय आत यायची नाही. आई एका शाळेत आया होती. पहाटे स्टोव्हची फरफर, मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, मग सुकट भाजल्याचा वास आणि त्या वासाने आण्णांना लागलेला ठसका, या क्रमाने आमचा दिवस उजाडायचा. आण्णा म्हणजे माझे वडील. बसचे कंडक्टर. खाकी कपडे, खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांचा डबा, आणि आवाज असा की डेपोत त्यांना सगळे भोंगा म्हणायचे. भरलेल्या बसमध्ये मागून त्यांनी “पुढे चला, पुढे चला” म्हटलं की ड्रायव्हरसुद्धा दचकून सरकून बसतो, असं त्यांचे दोस्त चेष्टेने सांगायचे. घरातही तेच. मी आरशासमोर रेंगाळले की “पुढे चला”. आईचं आणि तारामावशीचं दारात बोलणं लांबलं की “पुढे चला”. माझी घाई कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

पण हाच माणूस वर्षातले तीन महिने संध्याकाळी बदलून जायचा. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज दिवेलागणीला धम्माचा ग्रंथ वाचतात. वर्षावास म्हणतात त्याला. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात गावोगाव फिरायचे थांबवून एका जागी राहायचे, त्यावरून ही रीत. रोज थोडी पानं वाचायची, शेवटचं पान शेवटच्या पौर्णिमेला संपवायचं आणि मग सगळ्यांनी बसून खीर खायची. आमच्याकडे कितीतरी वर्षं ते वाचन आण्णाच करायचे. ड्यूटी संपवून यायचे, अंघोळ करून पांढरा सदरा घालायचे आणि माइकसमोर मांडी घालून बसायचे. तिथे त्यांचा आवाज मऊ व्हायचा. एक वाक्य वाचलं की थांबायचे, सगळ्यांकडे बघायचे, मग दुसरं. लहानपणी मला त्या थांबण्याचा भयंकर कंटाळा यायचा. मी आईच्या मांडीवर झोपून जायचे.

त्या वर्षी उन्हाळा सरत आला होता. माझी बारावी झाली होती आणि मी घरीच होते. एका सकाळी डेपोत तिकिटांचा डबा ताब्यात घेताना आण्णांचा उजवा हात लुळा पडला आणि ते तिथेच कोसळले. लकवा. त्यांच्या दोस्तांनी उचलून हॉस्पिटलात नेलं. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, पायात ताकद येईल, हातातही थोडीफार येईल, पण डोक्यात जिथून शब्द निघतात तिथेच मार बसलाय. बोलणं परत येईलही, नाहीही येणार. यायचंच असेल तर येत्या काही महिन्यांत त्याची सुरुवात दिसायला हवी. तोवर वाट बघा. वाट बघा हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला त्या डॉक्टरचा राग आला.

तिसऱ्या दिवशी आईने चमच्याने पाणी पाजलं तेव्हा आण्णांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, “पुढे चला.” आम्ही दोघी हसलो. वाटलं, बरं झालं, माणूस चेष्टेवर आला. मग ते परत म्हणाले, “पुढे चला.” मग परत. आणि त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं ते बघून आईने चमचा खाली ठेवला. त्यांना दुसरंच काहीतरी म्हणायचं होतं आणि तोंडातून तेवढंच निघत होतं. इतकी वर्षं दिवसाला शेकडो वेळा म्हटलेले ते दोन शब्द तेवढे मागे राहिले होते, बाकी सगळे गेले होते.

घरी आणल्यावर आमचा संसार त्या दोन शब्दांवर सुरू झाला. पाणी हवं, पुढे चला. कुशीवर वळवा, पुढे चला. मीठ जास्त झालंय, पंखा लावा, या तारामावशीला घरी पाठवा, सगळं पुढे चला. आई सुरावरून ओळखायची. तिचं दहातून सातदा बरोबर यायचं. माझं सुरूच व्हायचं नाही, कारण मी ऐकूनच घ्यायचे नाही. ते तोंड उघडायच्या आत मी विचारत सुटायचे, “पाणी का? चादर का? लघवीला का? खिडकी लावू का?” ते मान हलवायचे, हलवायचे, मग डावा हात जोरात खाटेवर आपटायचे. एकदा समोरचं ताट भिरकावलं. शेंगदाण्याची चटणी भिंतीला चिकटली. त्यांनी आयुष्यात कधी ताटाला पाय लागू दिला नव्हता. ताट भिरकावून झाल्यावर तेच भिंतीकडे तोंड करून रडले, आणि मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. खरं सांगते, त्या दिवशी मला दया नव्हती आली, चीड आली होती. त्यांची नाही. या सगळ्या प्रकाराचीच.

हॉस्पिटलात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आठवड्यातून एकदा आण्णांना खांद्याचा आधार देत पायऱ्या उतरवायच्या, रिक्षात घालायचं आणि त्यांच्याकडे न्यायचं. बाई तरुण होत्या, आवाज अगदी बारीक. चित्रं दाखवायच्या. कप, गाय, छत्री. आण्णा छत्रीकडे बघून घामेघूम व्हायचे आणि मी बाजूने हळूच “छ” करायचे. दोन वेळा बाईंनी चालवून घेतलं. तिसऱ्यांदा मला बाहेर बोलावलं. “शोभा, तू त्यांच्या तोंडातला घास काढून घेशील का?” म्हणाल्या. मी म्हटलं, नाही. “मग शब्द का काढून घेतेस? त्यांना शोधू दे. कितीही वेळ लागू दे. तू फक्त गप्प बस आणि त्यांच्याकडे बघ.” मी विचारलं, आणि नाहीच सापडला तर? “तर त्या दिवशी नाही सापडला,” एवढंच म्हणाल्या. रिक्षात मी आईला बाईंची नक्कल करून दाखवली. आई हसली नाही. ती म्हणाली, “बरोबर बोलली ती. तुझं तोंड म्हणजे उघडा नळ आहे.”

आषाढी पौर्णिमा जवळ आली तशी विहारात कुजबुज सुरू झाली की यंदा वाचणार कोण. साळवेकाका विहाराचं सगळं बघायचे. ते घरी आले, आण्णांच्या खाटेवर बसले. मग काका म्हणाले, “किसन, शोभाला घेऊ का?” आण्णा म्हणाले, “पुढे चला.” त्याचा अर्थ हो लावायचा की नाही हे कुणालाच कळलं नाही. आईने हो लावला. अशी मी माइकसमोर बसले. पहिल्या दिवशी मी दोन दिवसांची पानं एका दमात वाचून काढली आणि तारामावशी म्हणाली, “अगं, गाडी सुटतेय का तुझी?” विहाराचा भोंगा आमच्याच पत्र्याच्या दिशेने होता, त्यामुळे आण्णांना खाटेवर पडून सगळं ऐकू जायचं. आई सांगायची की वाचन सुरू झालं की ते डोळे मिटून ओठ हलवतात, आणि मी सुसाट सुटले की कपाळाला आठ्या घालतात. मग मी जरा जरा थांबायला लागले. भिंतीपलीकडे कुणीतरी ओठ हलवतंय एवढ्यासाठी.

श्रावणात एका संध्याकाळी साळवेकाका आणि आणखी तिघांनी आण्णांना खुर्चीत बसवून विहारात आणलं. वाचनाच्या आधी सगळे मिळून त्रिशरण म्हणतात, बुद्धं सरणं गच्छामि. सगळ्यांनी हात जोडून सुरुवात केली आणि मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. आण्णा म्हणत होते. स्वच्छ, खणखणीत, एकही शब्द न अडखळता. शेजारचे लोक म्हणायचे थांबले, तरी ते म्हणतच राहिले, शेवटपर्यंत. विहारात एकच गलका झाला. तारामावशी ढसाढसा रडली. कुणीतरी धावत जाऊन पेढे आणले. आई आण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती आणि तिचा चेहरा नुकत्याच लग्न झालेल्या मुलीसारखा दिसत होता. मी मनातल्या मनात त्यांना डेपोत पाठवूनही टाकलं. उद्यापासून खाकी कपडे धुवायला काढायचे, असं ठरवून टाकलं. त्या दिवशी मी एक अक्षर वाचलं नाही. सगळे पेढे खात बसलो.

घरी आणून त्यांना खाटेवर टेकवलं. मी समोर बसले आणि म्हटलं, “आण्णा, आता बोला.” त्यांनी तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच ठेवलं. मग म्हणाले, “पुढे चला.”

मी आत्ता हे लिहितानाही थांबले. त्यानंतर मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही. मी ओरडले त्यांच्यावर. “मघाशी बोललात ना? सगळ्यांसमोर बोललात आणि आमच्याशी बोलायला काय होतं? मुद्दाम करता का तुम्ही?” आईने माझ्या दंडाला धरून मला बाहेर काढलं. तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “इथे बस. आत येऊ नकोस.” आणि दार लोटून घेतलं.

त्या आठवड्यात बाईंनी समजावून सांगितलं. जे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं ते सगळ्यांच्या सुराबरोबर आपोआप निघतं, गाण्यासारखं. ते वेगळ्या जागी साठवलेलं असतं. ते त्यांचं बोलणं नव्हे. पाठ नसलेलं, स्वतःच्या मनातलं, एक जरी वाक्य ते बोलले तर ती खरी सुरुवात. “तुम्ही लोकांनी पेढे जरा लवकर वाटले,” म्हणाल्या. आई म्हणाली, “खाल्ले ते काय वाया जातात का?” आणि बाईंना पिशवीतून चार पेढे काढून दिले.

आईच्या या धीराचं मला कोडं होतं. तारामावशीने एकदा दबक्या आवाजात सुचवलं होतं, कुठेतरी नवस बोलून बघ, कोण बघतंय. आई म्हणाली, “देव पाण्यात घालून बसायचे दिवस आपल्या सासवांबरोबर गेले, तारा. आता आपलं आपणच बसायचं.” आणि ती खरंच बसायची. शाळेतून आली की तांदळाचं ताट घेऊन आण्णांसमोर बसायची. ते शब्द शोधायला लागले की ती खडे वेचायला लागायची. तिचं ना पुढे होणं, ना मागे होणं. शब्द नाही सापडला तर ताट बाजूला ठेवून “उद्या बघू” म्हणायची आणि भात टाकायची. एकदा मी चिडून विचारलं, “आई, आणि बोलणं आलंच नाही तर?” ती म्हणाली, “माणूस आहे ना समोर. बोलणं नसलं म्हणून मी काय त्याला माळ्यावर टाकू?” मग जरा वेळाने म्हणाली, “पण येईल गं. मला वाटतं.” तिच्या आवाजात पहिल्यांदा मला भीती ऐकू आली, आणि का कुणास ठाऊक, त्या दिवसापासून मीही तिच्या शेजारी बसायला लागले.

गप्प बसणं फार अवघड असतं. मी ओढणीचं टोक दातात धरून बसायचे. सुरुवातीला मनात सगळे शब्द रांगेने उभे राहायचे, पाणी, चादर, खिडकी. मग हळूहळू मनातलेही कमी झाले. भाद्रपदात एक फरक दिसायला लागला. आण्णा “पुढे” म्हणायचे आणि थांबायचे. मान हलवायचे. शब्द चुकीचा आहे हे त्यांना कळायचं आणि ते उरलेला शब्द गिळून टाकायचे. मला वाटलं, होते ते दोनही चालले. बाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, नको असलेला शब्द परत पाठवायला लागले आहेत ते, म्हणजे हवा असलेल्याला जागा होतेय. मी दर संध्याकाळी वाचन संपवून पळत घरी यायचे आणि दारातून आईकडे बघायचे. आई डोळ्यांनीच नाही म्हणायची. असे कितीतरी दिवस गेले.

पुढे आण्णा पुष्कळ वर्षं जगले. गाडीवर पुन्हा गेले नाहीत, डेपोत बसून करायचं काम मिळालं. बोलायचे तुटक, पण बोलायचे, आणि माझ्या लग्नात तर त्यांनी माझ्या सासऱ्यांची चेष्टाही केली. हे आधीच सांगून टाकते, कारण मला वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायला आवडत नाही. पण आश्विन पौर्णिमेच्या त्या संध्याकाळी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते आणि एकही स्वतःचा शब्द आला नव्हता.

साळवेकाकांनी शेवटचं पान आण्णांसाठी राखून ठेवलं होतं. मला ते कळल्यावर मी भांडले. “काका, चार लोकांत त्यांचं हसं होईल. मी वाचते ना.” काका आईकडे बघायला लागले. आई म्हणाली, “त्यांनाच विचारा की.” विचारलं. आण्णा उठले. भिंतीला धरत धरत गेले आणि खुंटीवरचा पांढरा सदरा डाव्या हाताने काढून आईपुढे धरला.

विहार गच्च भरला होता. आमच्या डोंगरावरची माणसं म्हणजे कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. नळावर, दुकानात, मयताला, कुठेही सगळे एकाच वेळी बोलणार. ती सगळी त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत मांडी घालून बसली होती. मागे खिरीचं पातेलं झाकून ठेवलेलं. आण्णांना माइकसमोर बसवलं. मी त्यांच्या बाजूला, ग्रंथाचं पान धरून. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. काहीच आलं नाही. भोंग्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, सगळ्या डोंगरावर. समोर तारामावशीचे ओठ हलले, तसा तिने पदराचा बोळा तोंडावर दाबला. एक लहान मूल “आई, खीर” म्हणालं, त्याला कुणीतरी चूप केलं. मग पहिला शब्द आला. बऱ्याच वेळाने दुसरा. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला पुढचा शब्द दिसत होता, बोटाच्या टोकाशी होता, आणि मी पानावरची नजर काढून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. ती एक ओळ व्हायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पण झाली. पूर्ण झाली.

“साधु, साधु, साधु,” सगळे म्हणाले. मीही म्हणाले, पण मनात धाकधूक होती. ती ओळ त्यांना पाठ होती. दरवर्षी तेच वाचायचे. बाई म्हणाल्या असत्या, पेढे आणू नका. मी आईकडे बघितलं. तिनेही डोळ्यांनी तेच सांगितलं. साळवेकाका डोळे पुसत उठले. आण्णांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, म्हणाले, “बस, किसन, खूप झालं,” आणि ग्रंथ मिटायला वाकले. मागे पातेल्याचं झाकण वाजलं. लोक उठायला लागले.

आण्णांनी डावा हात पानावर ठेवला. काकांच्या हाताखालून पान सोडवून घेतलं. त्यांनी तोंड उघडलं, मान हलवली, परत मिटलं. आता त्यांना काय म्हणायचंय ते मला माहीत नव्हतं आणि मी अंदाजही केला नाही. मी हात वर करून लोकांना बसायची खूण केली. जे जिथे होते तिथे खाली बसले.

“अजून,” आण्णा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, काकांकडे बघून, जरा रागानेच, “अजून आहे.”

आईने तोंडाला पदर लावला. मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि गप्प बसले.